डबा, खोका, कला

जुलै १९६२. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत अँडी वॉरहॉलची चित्रं मांडली होती. मांडलीच होती, कारण भिंतीलगत चक्क फळी ठोकली होती, वाण्याकडे असते तशी. फळीवर कॅम्पबेल सूपचे ३२ डबे. टोमॅटोचा वेगळा, मश्रूमचा वेगळा. कंपनी तेव्हा ३२ प्रकार विकायची, म्हणून चित्रंही ३२. किराणा मालाची यादी इतकी इमानदारीने बायकोसुद्धा करत नाही.

एका डब्याचे १०० डॉलर. जवळच्याच एका कलाविक्रेत्याने आपल्या खिडकीत खरेखुरे डबे रचले आणि स्वस्तात विकायला काढले. त्या प्रदर्शनाची याहून नेमकी समीक्षा कोणी केली असेल? शिवाय ही गरम करून पिता येत होती.

हसले सगळेच. गॅलरीवाला अर्विंग ब्लम सोडून.

त्याने विकलेली चारदोन चित्रं परत मिळवली आणि अख्खा संच १,००० डॉलरला स्वतःकडे ठेवला. तेही महिना १०० च्या हप्त्याने, मिक्सर घ्यावा तसा. १९९६ मध्ये संच न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला. सौदा सुमारे दीड कोटी डॉलरचा.

गंमत पुढेच आहे. हे पहिले डबे वॉरहॉलने बहुतेक हाताने रंगवले होते, छापल्यासारखे दिसावेत म्हणून घाम गाळून. नंतर तो खरंच स्क्रीन लावून छापायला लागला. १९६८ मध्ये सूपच्या दहा चित्रांचा संच काढला. प्रती २५० आणि काम बंद. का? शाई संपली? कागद महागला? छे. हजार निघाल्या असत्या तर ते पोस्टर झालं असतं! प्रत्येक चित्राच्या पाठीवर बॉलपेनची सही आणि रबरी शिक्क्याने मारलेला क्रमांक. सात-बाराच्या उताऱ्यावर तरी वेगळं काय असतं?

आणि कंपनी? तिने फुकटची जाहिरात मुकाट पदरात पाडून घेतली. २०१२ मध्ये तर वॉरहॉलच्या रंगांची लेबलं लावून खरं सूप बाजारात आणलं. ७५ सेंटला डबा. कला फिरून फळीवर.

१९६४ मध्ये वॉरहॉलचे ब्रिलोचे खोके आले. ब्रिलो म्हणजे भांडी घासायची साबण लावलेली तारेची घासणी. मूळ खोका पुठ्ठ्याचा, वॉरहॉलचा प्लायवूडचा. मूळ खोक्याची सजावट जेम्स हार्वे नावाच्या माणसाची. हा हार्वे नोकरी म्हणून खोके सजवायचा, पण खरा अमूर्त चित्रकार. आयुष्यभर कलेसाठी धडपडला आणि संग्रहालयात पोचला तो त्याचा खोका.

दुसऱ्याच्या नावावर.

पुढच्या वर्षी टोरांटोच्या एका विक्रेत्याने हे खोके मागवले. कॅनडाच्या कस्टमने अडवले. हे शिल्प नव्हे, माल आहे, जकात टाका. त्यांच्या नॅशनल गॅलरीच्या संचालकानेही मान डोलावली. कस्टमवाल्यांना कला कळत नाही म्हणतात. माल मात्र बरोबर कळतो.

२०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ब्रिलोचा एक पिवळा खोका ३० लाख डॉलरच्या वर गेला. त्यावर ठळक छापलं होतं, ‘३ सेंटची सूट’.

बिलातून ते ३ सेंट वजा झाले की नाही?