चरबी मोजण्याची साधना : हडपसरकरांसाठी प्रवेशिका

चरबी मोजायला शिकायचे तर पहिला धडा सोपा आहे: यंत्रावर विश्वास ठेवा, पण मनाजोगता आकडा येईपर्यंतच. मगरपट्ट्यातल्या जिमच्या काट्यावर अनवाणी उभे राहा. तळपायातून सूक्ष्म वीज जाते, तिला किती अडथळा झाला यावरून अंगातल्या पाण्याचा आणि पाण्यावरून चरबीचा अंदाज निघतो, वर दशांश चिन्ह लागते. उठल्याउठल्या एक आकडा, घाम गाळून दुसरा, दोन तांबे पाणी पिऊन तिसरा. आवडेल तो स्टेटसला ठेवावा, उरलेले दोन यंत्राचा दोष समजावेत. गाडीतळावर भाजी घेताना काटा शून्यावर आहे ना हे वाकून पाहणारा माणूस इथे काहीच विचारत नाही; याला शास्त्रावरची श्रद्धा म्हणतात.

ज्यांना खरेच शिकायचे आहे, त्यांनी कॅलिपर, म्हणजे चरबीचा चिमटा, हाती घ्यावा. दंडाच्या मागे, खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर पेनने खूण करावी. स्नायू सोडून कातडी आणि तिच्याखालची चरबी बोटांनी उचलावी, बोटांपासून सेंटिमीटरभर अंतरावर चिमटा लावावा आणि दोन सेकंदांनी आकडा वाचावा. रेंगाळलात तर चरबी दबते, आकडा घसरतो. गिऱ्हाईक खूश करण्याची याहून स्वस्त रीत नाही! असे वीस दंड दोन-दोनदा मोजावेत, दुसऱ्या वेळी वही मिटून. नाहीतर हात डोळ्यांचे ऐकतो. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतल्या फरकाचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज चाळिसाने भागा, वर्गमूळ काढा. ही झाली तुमच्या हाताची चूक. ती एक मिलिमीटर निघाली, तर अर्धा मिलिमीटर उतरल्याचे पेढे वाटू नयेत.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, वजन-उंचीवरून निघणारा बीएमआय आहे की! पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. बीएमआय दोघांचा २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांविषयीचे निष्कर्ष आले होते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा ती सरासरी सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती, पण पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. तान्ह्या पाठीवरची ती घडी जेमतेम काही मिलिमीटरची. मोजणारा हात तेवढाच डळमळला असता, तर हाती काय लागले असते?

दुसरा आक्षेप जास्त शहाणा आहे: चूक असेना, रोज सारखीच असेल तर चढ-उतार तरी खरा कळेल. मान्य. पण शिकाऊ हाताची चूक सारखी राहत नाही. पहिल्या महिन्यात तो स्नायूही चिमटीत धरतो, तिसऱ्या महिन्यात सोडायला शिकतो. चरबी तेवढीच राहते, सुधारतो मोजणारा, आणि हार गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो. म्हणून हाताची चूक दर महिन्याला नव्याने काढावी आणि आकड्याशेजारी लिहावी. पेननेच.