मुंगीला फुटले पंख!

अहो, ऐकलंत का? हिरावाडीतल्या आणखी एका पांढऱ्या हॅचबॅकला पंख आला! गेल्या महिन्यापर्यंत किती सालस होती बिचारी. सकाळी काळारामाला, दुपारी भाजीला, रविवारी मखमलाबादकडे मिसळीला. आता तिच्या पाठीवर इस्त्रीच्या टेबलाएवढी काळीकुळकुळीत फळी, तीही दोन खांबांवर उभी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो याहून वेगळा का असतो? मुंगीला पंख फुटले की पुढे काय होतं, हे आपल्याला आजीनं सांगितलंय. पण मालकाला कोण सांगणार? शिव शिव! (फोटो काढला असेल तर पाठवा बरं. जवळून असला तर उत्तम.)

आणि या थेरांना जागा तरी कोणती सापडावी? पंचवटी! शूर्पणखेचं नाक इथं कापलं गेलं, म्हणून गावाचं नाव नाशिक, असं आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. जटायू पंख तुटून पडला तो याच जिल्ह्यात, टाकेदला, अशी श्रद्धा. ज्या मुलखात खऱ्या पक्ष्याचे पंख छाटले गेले, तिथं आता पत्र्याच्या डब्यांना पंख लावायचे? बरं, आरटीओ कुठं? तेही पंचवटीतच, पेठ रोडला! म्हणजे वाघाच्या गुहेसमोर शेपूट नाचवायचं. कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावलं. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण शौकिनांना विचारा, ‘भाऊ, हा पंख नियमात बसतो का?’ उत्तर येतं, ‘नियमाचं नंतर बघू, आधी डिकीवर नीट बसू द्या.’

मुळात हे खूळ शर्यतीतलं. विमानाचा पंख गाडी उचलतो, म्हणून हा उलटा बसवायचा, म्हणजे वारा गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. अमेरिकेत जिम हॉलनं १९६६मध्ये आपल्या चॅपरल गाडीवर उंच खांबांचा पंख चढवला. १९६८मध्ये फॉर्म्युला वनवाल्यांनाही पंख फुटले. १९६९मध्ये स्पेनच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडले, दोन्ही गाड्या आदळल्या, आणि त्याच महिन्यात मोनॅकोत उंच पंखांवर बंदी आली. तिकडेसुद्धा अती झालं आणि हसू आलं. पण मधल्या काळात ते वारं जगभर पसरलं. नाशिकला तर रॅलीच्या गाड्यांचा नाद जुनाच. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’च्या वेळी धूळ खात उभे राहिलेले बघे घरी येताना नुसती धूळ घेऊन येतील होय?

आता साधा हिशेब मांडू. पंखाचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे ताशी १२० किलोमीटरला जो दाब मिळतो, तो ताशी १० किलोमीटरला १४४ पटींनी कमी. आणि पंचवटी कारंजावर संध्याकाळी सहाला गाडी कितीनं धावते? दहा म्हणजे कौतुकच झालं! निमाणीसमोर बस आडवी आली की तेही नाही. त्या वेगाला पंख जेवढा दाब देतो, त्याहून जास्त दाब त्यावर बसलेला कावळा देत असेल. वर आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनची ताकद जाते पुढच्या चाकांना, आणि पंख दाबतो मागची चाकं! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि नाशकात तर सोमेश्वर गंगापूर रोडला खरोखरचा आहे, बंब न्यायला फार लांब जायला नको.

पण खरी मौज बसवण्याच्या दिवशी. आधी कागदाचा साचा. मग टेपनं मध्य काढायचा, डावं-उजवं मोजायचं, पुन्हा मोजायचं. मग खुणेसाठी डिकीवर चिकटवलेली पिवळी पट्टी म्हणजे पंचवटीतली नवी लक्ष्मणरेषा. ड्रिलचं बिट तिच्यापलीकडे घसरलं की सीताहरण अटळ. आधी बारीक बिट, मग मोठं. स्वतःच्या लाखमोलाच्या गाडीला पहिलं भोक पडताना मालक जो चेहरा करतो, तो पोरीच्या पाठवणीलाही केला नसेल. भोकाच्या कडा घासून उघड्या पत्र्याला प्रायमर लावायचा, नाहीतर गंज कुरतडत बसतो. आतून जाड पट्टी द्यायची, कारण नुसता पत्रा वाऱ्यानं लवतो आणि लवला की सील फुटतं. मग रबरी पॅकिंग, मोठा वॉशर, बोल्टभोवती सिलिकॉन. त्यातही शिरक्याचा वास मारणारं सिलिकॉन नको, ते धातूला खातं. न्यूट्रल घ्या, आणि दिवसभर पाण्यापासून लांब ठेवा. पाहा, सगळं तोंडपाठ आहे ना आपल्याला? उगाच ऐकून ऐकून हो, दुसरं काय!

यात घाई करणाऱ्याचं काय होतं? पंख वाऱ्यासाठी लावतात, पण त्याची परीक्षा घेतो पाऊस. जुलैत गंगापूर धरणातून पाणी सुटतं, अख्खं गाव रामकुंडावर धावतं: दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का? तिकडे घाईवाला मात्र डिकीचा गालिचा उचलून स्टेपनी बघत बसतो. तिच्या खळग्यात घरचंच रामकुंड भरलेलं, आणि स्टेपनी कमरेइतक्या पाण्यात! मग गळती शोधायला टाल्कम पावडर. कोरड्या डिकीत शिंपडायची, बाहेरून पाईपनं पाणी मारायचं, ओघळ उमटला तिथं भोक. बायको विचारते, पावडरचा डबा कुठं गेला? काय सांगणार? त्यात पंखाच्या वजनानं डिकीचे शॉक थकलेले. वाकून ओघळ शोधावा तर डिकी धाडकन टाळक्यात!

तरी सुधारतंय का कोणी? बँकेतून निवृत्त झालेले काका काल म्हणत होते, ‘माकडचाळे नुसते!’ आज त्यांच्या गाडीला बोटभर उंचीचा, टेपनं चिकटवलेला ‘छोटासाच’ आलाय. ‘भोक नाही पाडलं हो,’ असं शपथेवर सांगतात, जसं कोणी म्हणावं, फक्त रस्साच घेतला. द्राक्षवाल्या एका भाऊंनी क्रेट वाहायच्या गाडीवर चढवला. एका गुरुजींनी तर मुहूर्त पाहून बसवला आणि पहिला नारळ स्वतःच फोडला. आता बोला! आणि तुम्ही हो? दसऱ्याला गाडीला हार घालताना मागच्या काचेवर वीतभर मोजून पाहिलंत, ते आम्ही पाहिलं नाही असं वाटतं?

असो, आपण सभ्य माणसं. आपण फक्त बघतो. काल रात्री अकराला पावसाची पहिली जोरदार सर आली, तेव्हा आपल्या सोसायटीतले सात जण छत्री-बॅटरी घेऊन पार्किंगमध्ये उतरले. सगळे एकमेकांना म्हणाले, ‘झोपच येईना, म्हणून जरा...’ मग थोडा वेळ कोणी काही बोलेना. आणि सातही डिक्या एकदमच उघडल्या. कसला हा निर्लज्जपणा! आपल्या डिकीत थेंबभर पाणी नव्हतं, म्हणून एवढं बोलायची हिंमत करतोय.