नकाशा देणे आहे (अटी लागू)

नाशिकमधली पहिली आखणी लक्ष्मणाने केली, अशी पंचवटीची श्रद्धा आहे. रेषा ठळक होती, हेतू चांगला होता, संबंधितांना तोंडी समज दिलेली होती. तरी ती त्याच दिवशी ओलांडली गेली आणि पुढचं सगळं महाभारत, म्हणजे रामायण, घडलं. एवढा अनुभव गाठीशी असलेल्या शहराने रेषांच्या बाबतीत काटकसर करायला हवी होती. पण आज नाशकात रेषांचा सुकाळ आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, विकास आराखड्यातल्या रस्त्यांच्या रेषा, आरक्षणांच्या, जलवाहिन्यांच्या, मलवाहिन्यांच्या, वीजतारांच्या रेषा. या सगळ्या आपापल्या खात्याच्या कपाटात सुखाने नांदतात. समोरासमोर आल्या तर भांडतील, म्हणून त्यांची गाठ घालून दिली जात नाही.

नकाशे नाहीत अशी तक्रार कुणी करू नये. ते पोत्याने आहेत. १९८२ साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आसपासची वीसेक खेडी मिळून महापालिका झाली, तेव्हा प्रत्येक खेड्याने आहेरात आपापला गावनकाशा आणला. या नकाशांमागची मूळ मोजणी साखळीची. मुंबई इलाख्यातली ही साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. इंग्रज गेला, आणे गेले, साखळी गंजली. पण मखमलाबादला जमिनीचा भाव विचारा, उत्तर अजून गुंठ्यातच येतं. असे दोन शेजारच्या गावांचे नकाशे संगणकावर शेजारी मांडले, की शिवेवर कुठे फट पडते, तर कुठे एकाच जमिनीवर दोन गावं बसतात. फटीतली जमीन कागदोपत्री कुणाचीच नसते. आणि कुणाचीच नसलेली जमीन नाशकात फार दिवस मोकळी राहत नाही.

हे तंटे सोडवायला जाणकार नाहीत म्हणावं, तर तेही नाही. दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’ आहे, म्हणजे १९५९ सालची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. धरणाच्या पोटात किती गाळ साचला हे उपग्रहाच्या चित्रांवरून सांगणारी माणसं तिथे बसतात. गंगापूर धरणाच्या वाटेवर १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, म्हसरूळला १९९८ पासूनचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयं मोजायला तर वेगळा नकाशा लागेल.

तेव्हा नियोजन करणाऱ्यांनी आपल्याकडची माहिती द्यावी, विद्यापीठांनी आपल्याकडची यंत्रं, मास्तर आणि पोरं द्यावीत, आणि दोघांनी मिळून शहराचा एकच खरा नकाशा वापरावा, ही कल्पना कुणालाही सुचेल. सुचलेलीही आहे. २०१६ साली राज्य सरकारने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ काढलं. मुंबईच्या आयआयटीतून आलेला त्यामागचा विचार सरळ होता: जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी जिल्ह्याचेच प्रश्न अभ्यासाला घ्यावेत आणि प्रशासनाने त्या अभ्यासाचा उपयोग करून घ्यावा. त्याच्या आदल्या वर्षीच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात तर मूळचे नाशिककर रमेश रासकर यांनी अमेरिकेतल्या एमआयटीची मीडिया लॅब गोदाकाठी आणली होती. ‘कुंभथॉन’मध्ये नाशिकची पोरं गर्दी, आरोग्य, निवारा अशा प्रश्नांवर तोडगे शोधत बसली. त्याआधी २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची फौज प्रयागच्या कुंभात उतरली, तंबूंच्या त्या नगरीचे नकाशे तिने काढले आणि २०१५ मध्ये त्याचं जाडजूड पुस्तकही आलं. म्हणजे कुंभातला तंबू कुठे होता हे मॅसॅच्युसेट्समध्ये बसून कळतं. आपल्या गल्लीतली मलवाहिनी कुठून जाते, हे मात्र खोदल्यावरच कळतं.

सरकार आणि उच्च शिक्षण एकत्र नांदूच शकत नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे आणि त्याचा पत्ता आहे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचं आवार. दोघं एकाच फाटकातून आत जाऊ शकतात, याचा हा लेखी पुरावा.

मग अडतं कुठे? सामंजस्य करारावर. म्हणून कुणीही मागितलेला नसताना आम्हीच एक नमुना मसुदा तयार केला आहे. पहिला पक्ष म्हणजे शहराचं नियोजन करणारे, दुसरा पक्ष म्हणजे विद्यापीठ. गरजूंनी रिकाम्या जागा भराव्यात.

कलम १. या करारात ‘नकाशा’ म्हणजे टेबलाच्या पलीकडे दिसेल पण अलीकडे येणार नाही असा कागद. त्याचा तुकडा हवा असल्यास ‘भाग नकाशा’ या नावाने अर्ज, शुल्क आणि चिकाटी सादर केल्यावर मिळेल.

कलम २. पहिला पक्ष संगणकातला नकाशा आधी कागदावर छापेल, त्यावर शिक्का मारेल, तो कागद तिरका ठेवून स्कॅन करेल आणि त्याची पीडीएफ दुसऱ्या पक्षाला देईल. संगणकातल्या नकाशात प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांश चिकटलेले असतात. रस्ते, नळ, आरक्षणं यांचे थर हवे तसे वेगळे करता येतात. छापल्यावर हे दोन्ही दोष निघून जातात.

कलम ३. दुसऱ्या पक्षाचे विद्यार्थी उन्हातान्हात फिरून चौक, पूल आणि विहिरींचे जीपीएस बिंदू घेतील आणि कलम २ अन्वये काढून टाकलेले अक्षांश-रेखांश नकाशाला पुन्हा बसवतील. मोबदल्यात प्रमाणपत्र मिळेल. त्यावर नाव चुकल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा.

कलम ४. दुसरा पक्ष वापरत असलेलं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सबब ते संशयास्पद समजलं जाईल. जिची निविदा काढता येत नाही, त्या वस्तूवर विश्वास कसा ठेवावा? त्याऐवजी परवान्याचं महागडं सॉफ्टवेअर घेतलं जाईल. ते चालवायला शिकलेल्या कर्मचाऱ्याची, प्रशिक्षण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, जन्म-मृत्यू विभागात बदली होईल. पासवर्ड त्याच्यासोबत जाईल.

कलम ५. नकाशा आणि जागा यांत तफावत आढळल्यास नकाशा प्रमाण मानून जागेला नोटीस दिली जाईल. नकाशात असलेला नाला जागेवर न सापडल्यास घाबरू नये. तो पावसाळ्यात आपणहून हजर होतो.

कलम ६. दुसऱ्या पक्षाच्या प्राध्यापकांना या कामावर शोधनिबंध छापण्याची मुभा राहील. मात्र तो शहरात कुणाला कळणार नाही अशा भाषेत आणि कुणाला परवडणार नाही अशा नियतकालिकात छापावा. कपाटांच्या बाबतीत दुसरा पक्षही पहिल्याच्या मागे नाही, याची येथे नोंद घेण्यात येत आहे.

कलम ७. नवी आरक्षणं जाहीर होईपर्यंत अत्यंत गोपनीय राहतील. ज्यांना ती आधीच ठाऊक आहेत त्यांना हे कलम लागू नाही.

कलम ८. एक डॅशबोर्ड उभारला जाईल. उद्घाटनाच्या दिवशी तो चालू असेल.

कलम ९. हा करार पाच वर्षं किंवा सही करणाऱ्या साहेबांची बदली, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत अमलात राहील.

या मसुद्यावर दोन्ही पक्ष हसत सही करतील, शाल-श्रीफळ होईल, फोटो छापून येईल. कारण यात कुणाचंच काही जात नाही. खरी देवाणघेवाण झाली तर जातं. नाशिकचा विकास आराखडा १९९३ साली झाला, त्यानंतरचा मंजूर व्हायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात एक मसुदा विरोधामुळे गुंडाळावा लागला. मखमलाबाद-हनुमानवाडीत साडेसातशे एकरांवर नगररचना योजना आखली, ती शेतकऱ्यांच्या विरोधात रुतली. शेतकऱ्याला नकाशाची भीती नाही. तो आपल्याला सगळ्यात शेवटी दाखवला जाईल, याची भीती आहे. जमिनीचा भाव रेषा कुठून जाते यावर ठरतो आणि नफा ती रेषा आधी कुणाला दिसते यावर. ज्याच्या हाती ससा तो पारधी. आमच्याकडे ससा गुंडाळी करून कपाटात ठेवलेला असतो, एवढंच.

शहरात एक माहितीसेवा मात्र अशी आहे, जी कुणाच्या कपाटात मावली नाही. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, छातीला की गळ्याला, यावर सगळं नाशिक पूर मोजतं. लॉगिन नाही, अर्ज नाही, शुल्क नाही. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरात सराफ बाजारातल्या दुकानदारांना निळ्या-लाल रेषांचा काहीच उपयोग नव्हता. त्या रेषांचं काम खऱ्या अर्थाने त्या पुरानंतर मार्गी लागलं. पण मारुतीलाही मर्यादा आहे. पाणी आलं हे तो सांगतो, पुढच्या तासाभरात कुठल्या गल्लीत शिरेल हे सांगत नाही. ते सांगायला विसर्गाचा आकडा लागतो, तो जलसंपदा खात्याकडे. पावसाळी गटारांचा नकाशा लागतो, तो महापालिकेकडे. जमिनीचे उंचसखल आकडे लागतात आणि हे सगळं एकावर एक मांडून गणित करणारी माणसं लागतात, ती विद्यापीठात सापडतील. सगळ्यांनी आपापलं पान टेबलावर ठेवलं तर संगणकाला हे फार मोठं काम नाही. ते सगळे एका टेबलाशी येणं, हे मोठं काम.

गर्दीचंही तेच. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीत सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक गेले. गल्ली किती रुंद, उतार किती, बाहेर पडायच्या वाटा किती, हे कुठल्याही सर्वेक्षणात मोजता येतं. किती माणसं मावतील याचा हिशेब त्यातूनच मांडता येतो. यावर विनोद करता येत नाही, म्हणून आम्ही पुढे जातो.

परदेशातही सगळे साधू नव्हते. इंग्लंडचा ऑर्डनन्स सर्व्हे सरकारी नकाशे विकायचा आणि वापरावर अटी घालायचा. २००४ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या स्टीव्ह कोस्ट नावाच्या विद्यार्थ्याने वैतागून ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केलं. सरकार देत नाही तर लोकांनीच नकाशा काढावा, ही त्यामागची भूमिका. आज जगभरच्या लोकांनी मिळून काढलेला तो नकाशा कुणीही वापरतं. सरकारनेही अखेर आपल्या नकाशांचा एक मोठा संच मोफत खुला केला, तो १ एप्रिल २०१० रोजी. तारखेमुळे काही लोकांना खरं वाटलं नसेल.

आपल्याकडेही कायद्याची फारशी आडकाठी उरलेली नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे काढण्यावरची परवान्यांची कटकट बरीचशी संपवली. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने तर जनतेच्या पैशातून गोळा झालेली अशी माहिती सर्वांसाठी खुली असावी, अशी दिशाच दिली. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५ पासून सांगत आलं आहे, की कुणी मागायच्या आधीच माहिती जाहीर करा. लष्कराच्या हद्दी जरूर झाकाव्यात. देवळालीच्या तोफखान्याची कुणी चौकशी केलेली नाही. लोक फक्त आपल्या सोसायटीमागचा नाला विचारत आहेत.

पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि नाशिकचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला ठरलं आहे. त्यासाठी तपोवनातली झाडं तोडायच्या बेतावरून २०२५ च्या अखेरीस रान पेटलं, तेव्हा कुठली झाडं जुनी आणि कुठली नवी इथूनच वादाला सुरुवात झाली. प्रत्येक झाड खुल्या नकाशावर असतं, तर निदान भांडणाचा तो पहिला अंक वाचला असता. म्हणून मागणी लहान आहे: पूररेषा, गटारं आणि आरक्षणं एवढे तीन थर सगळ्यांना दिसतील असे खुले करा. एकेका महाविद्यालयाला एकेक प्रभाग वाटून द्या, पोरांना दरवर्षी त्यात चुका शोधू द्या, आणि सापडलेली चूक दुरुस्त करायला एक जबाबदार माणूस ठेवा. याला डॅशबोर्ड लागत नाही. नारळही लागत नाही.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आलं, तर रस्ता, गटार, नळ मागत बसू नका. प्रभागाचा नकाशा मागा. गेल्या वेळी कबूल केलेले रस्ता, गटार आणि नळ कुठे गेले, ते त्यातच दिसेल.