मुख्य पीक एक, दुय्यम तीन, बाकीची बांधावर

सॉफ्टवेअरवाल्यांचा नियम सोपा आहे. किरकोळ दुरुस्ती केली तर शेवटचा आकडा वाढवायचा, नवी सोय दिली तर मधला, आणि कालपर्यंत चालणारं आज चालेनासं झालं की पहिला. सरकारी खात्यांना पहिलाच आकडा विशेष प्रिय.

सप्टेंबर 2020 मध्ये सातबाऱ्याची नवी आवृत्ती ठरली. शासनाचा वॉटरमार्क आला, गावाला कोड मिळाला, दोन खातेदारांमध्ये तुटक रेघ आली. मयत खातेदार इतकी वर्षं कंसात असायचे, आता त्यांच्यावर आडवी रेघ. "कंसात निदान बसायला जागा होती," रेवदंड्यातले आमचे शेजारी काका म्हणाले. त्यांच्या सामाईक उताऱ्यावर हयात माणसांपेक्षा रेघा जास्त.

मग 15 ऑगस्ट 2021 ला शेतकऱ्यानंच फोनवरून पीक नोंदवायची ई-पीक पाहणी आली आणि पुढच्याच वर्षी तिचं व्हर्जन दोन. चुकलं तर 48 तासांत दुरुस्ती, गटाचा मध्यबिंदू किती लांब तेही फोन सांगणार; आणि मिश्र पिकासाठी एक मुख्य, तीन दुय्यम पिकांची सोय. "तीन पुरेत ना?" असं बैठकीत कुणीतरी विचारलं असणार, आणि देशावरच्या साहेबांनी कपाशीतली तूर आठवून मान डोलावली असणार.

रेवदंड्याची वाडी मजल्यामजल्यांची. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, सावलीला जायफळ, मध्ये केळ, कडेला फणस. मुख्य पीक नारळ की सुपारी, यावर काकांच्या घरात अजून एकमत नाही. दुय्यम तिघांत केळीचा नंबर लागला नाही. तिला ते कुणी कळवलं नाही, ती वेळेवर व्याली. उरलेली झाडं काकांनी 'बांधावरची झाडे' या सदरात ढकलली. एवढा रुंद बांध इथे तट बांधणाऱ्या पोर्तुगीजांनाही जमला नव्हता.

मोठ्या आवृत्तीत काय हवं, ते 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानं आधीच सांगून ठेवलं होतं. मदत हेक्टरी जाहीर झाली, आणि वाड्या गुंठ्यांच्या. इथे कुणी हेक्टर सांगत नाही. इतके माड, इतक्या पोफळी असं सांगतात. ओरड झाल्यावर मग झाडं मोजायचं ठरलं.

म्हणून एक नम्र सूचना. पुढच्या आवृत्तीची बैठक भर पावसात, वाऱ्याच्या दिवशी, माडाखाली घ्यावी. कुठलं काम तातडीचं आणि कुठलं पुढे ढकलण्याजोगं, याचा निर्णय नेहमीप्रमाणे वरूनच येईल.