दीडशे मीटरच्या आत

मंडईला छप्पर आलं की गिऱ्हाईक बाहेर पळतं, हे माझं मत ठाणे, डोंबिवली आणि कल्याण अशा तिन्ही ठिकाणी कांदे घेऊन पक्कं झालेलं आहे. पालिका कुठलीही असो, मंडई बांधते ती हौसेने. आत ओटे, ओट्यांना नंबर, वर पंखे, दाराशी उद्घाटनाची संगमरवरी पाटी. वर्षभराने आत डोकवावं तर ओट्यावर बारदान अंथरून कोणीतरी निवांत घोरत असतं. भाजी बाहेर, पायऱ्यांवर. ज्याच्या नावावर ओटा, तोही पायरीवरच. "आत का नाही बसत?" म्हणावं तर तो म्हणतो, "आत कोण येतंय, काका?" आणि आपण आत का जात नाही, तर तो बाहेर बसलाय म्हणून.

खरी गोष्ट अशी की इथल्या माणसाला बाजारात जायला सवड नाही. बाजार त्याच्या वाटेत लागावा लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि तेव्हापासून आम्ही जे धावत सुटलोय ते अजून थांबलेलो नाही. गाडीतून उतरणं आणि रिक्षाच्या रांगेत शिरणं यांच्यामध्ये मिळून पाच मिनिटं हाती लागतात. त्यात कोथिंबीर, देवाला हार, मोबाइलचं कव्हर आणि उद्याचा डबा, एवढं सगळं उरकायचं. म्हणून स्टेशनबाहेर मटार सोललेला मिळतो, गवार मोडलेली मिळते, नारळ खवलेला मिळतो. लोकांना वाटतं आपण भाजी घेतली. घेतलेली असते उद्या सकाळची वीस मिनिटांची झोप. आणि ज्या बायका पैसे वाचवायला अख्खी जुडी घेतात, त्या ती बायकांच्या डब्यात बसून निवडतात. मुंब्र्यापासून दिव्यापर्यंत मेथी आणि सासू, दोघींची पानं एकदमच खुडली जातात.

स्वस्ताईचा मोह झाला की माणूस कल्याणला जातो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना असाच एकदा घाऊक भावाचा झटका आला. भल्या पहाटे कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात आम्हाला घेऊन गेले. आत ट्रक उभे, हमाल पाठीवर गोणी घेऊन "बाजूला, बाजूला" करत अंगावर येतायत, आणि सगळे आपापल्या कामात इतके गर्क की आम्ही कोण हे विचारायलाही कोणाला फुरसत नाही. शेजारच्या फूलबाजारात झेंडूचे ढीग लागलेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. त्या दिवशी पाय होते, पण चिखलात. सेक्रेटरींनी मेथीचा भाव विचारला, आकडा ऐकला आणि चेहरा उजळला. "बघा, निम्म्याने स्वस्त!" भाव शेकड्याचा होता. घाऊकात पालेभाजी जुड्यांच्या शेकड्यानेच विकतात, आणि आडत्याला सोसायटीत किती बिऱ्हाडं आहेत यात रस नसतो. पुढचा आठवडाभर आमच्या विंगमध्ये मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीचे मुटके, आणि शेवटी शेवटी नुसती मेथीची चर्चा चालू होती. टेम्पोचं भाडं धरून जुडी डोंबिवलीपेक्षा महाग पडली, हा हिशेब सेक्रेटरींनी सर्वसाधारण सभेपुढे आजवर मांडलेला नाही.

ठाण्यात जांभळी नाक्याला अशी फसगत होत नाही. तिथे फसायचं असेल तर स्वतःच्या बुद्धीने फसावं लागतं. पहिला पाऊस पडला की मुरबाड, शहापूरकडच्या आदिवासी बायका पाट्या घेऊन येतात. पाटीत शेवळं असतात. बोटभर लांब, तपकिरी जांभळट वेष्टनातली, वाटा लावून मांडलेली. शेजारी हिरव्या काकडांचा छोटा ढीग. शेवळं खाजरी, काकडांचा आंबटपणा त्यांची खाज मारतो. ठाण्यातल्या सीकेपी घरांत हे बाळकडूबरोबर शिकवतात. पण नवशिकं गिऱ्हाईक घासाघीस करतं. "काकडं नकोत मावशी, नुसती शेवळं द्या, पैसे कमी करा." मावशी त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते, "ने की बाबा, घसा तुझा हाय." इतकी नेमकी ग्राहक जागृती मी सरकारी जाहिरातीतही पाहिलेली नाही. गिऱ्हाईक मुकाट काकडं घेतं, वर मूठभर जास्तीची मागून घेतं.

आता कायद्याकडे. २०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत माणसं गेली. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. कारण रास्त आहे. गर्दीच्या वेळी डोंबिवलीचा जिना उतरलेला कोणीही त्यावर वाद घालणार नाही. पंचाईत एवढीच, की आमची पाच मिनिटंही नेमकी त्याच दीडशे मीटरमध्ये संपतात. शिवाय हे मीटर मोजायचे कुठून, हा प्रश्न प्रत्येक फेरीवाल्याने आपापल्या सोयीने सोडवलेला आहे. कोणी तिकीट खिडकीपासून मोजतो, कोणी फलाटाच्या टोकापासून, आणि एकाने मला गंभीरपणे सांगितलं, "आपण मोजत नाय साहेब, गाडी मोजते."

गाडी म्हणजे पथकाची गाडी. डोंबिवलीत उर्सेकरवाडीच्या तोंडाशी मी काकड्या निवडत होतो. गल्लीच्या टोकाकडून शीळ आली. काकडीवाल्याने ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांना बांधलेल्या दोऱ्या एकदम ओढल्या, क्षणात दुकानाचं गाठोडं झालं आणि गाठोडं खांद्यावर टाकून तो जिन्याखालच्या अंधारात अदृश्य झाला. रस्ता असा मोकळा, की गाडीतून उतरलेल्या साहेबांना तिथे फक्त मी दिसलो, हातात तीन काकड्या घेऊन. पैसे देणं बाकी होतं. पण कोड आधीच स्कॅन केलेला, रक्कम टाकलेली. म्हटलं, गरिबाचे पैसे बुडायला नकोत, आणि बटण दाबलं.

जिन्याखालून गाठोडं खणखणीत आवाजात म्हणालं, "चाळीस रुपये प्राप्त झाले. धन्यवाद!"