मंडीदीपहून समालोचक कसे व्हावे

उमेदवाराने आधी एक खात्री करून घ्यावी: आपल्याला खेळता येत नाही. संघातून नाव कापल्यावर जे घरी जातात ते पुढे मार्गी लागतात. जे मैदानाच्या कडेला रेंगाळतात, त्यांच्या हाती क्रीडाशिक्षक माइक देतात, कारण बाकी सगळे कामात असतात.

माइक मिळाला म्हणून लगेच खेळाबद्दल बोलू नये. आधी प्रमुख पाहुण्यांचे स्वागत, मग ते अजून न आल्याबद्दल दिलगिरी, मग कूलरवाल्या प्रायोजकाचे नाव, मग 'वो सफ़ेद स्कूटी हटा लीजिए'. उरल्या वेळात कबड्डी. चढाईपटू सुटला की सापडला, हे पंचांच्या हातावरून ठरवावे; आवाज मात्र असा लावावा, की पंचांनीच तुम्हाला विचारून हात केला. घरी मराठी, माइकवर हिंदी हा शिरस्ता पाळावा. तरी पकड झाली की 'धरला, धरला!' निघतेच. ते खोकल्यात घालवावे.

घरी विरोध होईल. बाबा कारखान्यात असतील, तर त्यांना हर्षा भोगले यांचे उदाहरण द्यावे: हैदराबादचा मराठी मुलगा, एकोणिसाव्या वर्षी आकाशवाणीवर. फक्त ते केमिकल इंजिनिअर आहेत आणि पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकले, हे सांगू नये. बाबा तेवढेच ऐकतात आणि संध्याकाळी क्लासची फी भरून येतात. त्यापेक्षा इंदूरचे सुशील दोशी बरे: हिंदी समालोचनासाठी २०१६ साली पद्मश्री, होळकर स्टेडियमच्या समालोचन कक्षाला त्यांचे नाव.

आकाशवाणीच्या चाचणीसाठी नर्मदापुरम रोडवर बसच्या खिडकीतून ट्रकांचे वर्णन करत भोपाळपर्यंत जावे. कोण पुढे, कोण डावीकडून घुसतोय, किती अंतर राहिले. रेडिओच्या श्रोत्याला एवढेच हवे असते. आभाळाचे वर्णन चेंडू बाहेर गेल्यावर करावे. शेजारचा प्रवासी जागा बदलेल. बदलू द्यावी.

सुरुवात हॉकीने मात्र करू नये. भोपाळचा ओबेदुल्ला खान सुवर्णचषक १९३१पासूनचा, १९७५च्या विश्वविजेत्या संघातले अस्लम शेरखान याच शहराचे. इथल्या दगडी पटियांवर गप्पा छाटणाऱ्या म्हाताऱ्यांनी समालोचक जसदेव सिंगांचा आवाज ऐकलेला आहे. तुम्ही 'पेनल्टी कॉर्नर' म्हणेपर्यंत ते तुम्हाला बाद करतात.

टीव्हीचा नाद नको. तिथल्या खुर्च्यांवर निवृत्त खेळाडू बसतात, आणि तुम्ही तर पहिल्याच परिच्छेदात खेळ सोडला.

मोबदल्याचे काय? स्मृतिचिन्ह, समोसा, आणि नाव चुकवलेले प्रमाणपत्र. १९३४च्या चौरंगी क्रिकेट सामन्यांचे समालोचन करणारे बॉबी तल्यारखान माइकवर दुसरा माणूस चालवून घेत नसत. आपल्याकडे माइक मंडपवाल्याचा. अंतिम सामन्यात सात मिनिटे उरली असताना तो वायर गुंडाळू लागतो, कारण सातला लग्न आहे. भांडू नये, त्याच्याच टेम्पोत बसावे. 'बारात गेट पर आ चुकी है, दूल्हे के फूफाजी बाईं ओर से आगे बढ़ते हुए' एवढे नीट जमले, की पाकीट मिळते. रोख.