तुरीच्या दाण्याएवढा तंटा

ज्या मनुष्याने आयुष्याची बत्तीस वर्षे मोजणी खात्यात साखळी ओढण्यात आणि वीतभर बांधासाठी एकमेकांची डोकी फोडणाऱ्या सख्ख्या भावांचे जबाब लिहून घेण्यात घालवली, त्याने निवृत्तीनंतर तरी आपल्याला फूटपट्टीचे दर्शन घडू नये अशी परमेश्वराकडे याचना केली, तर ती कोणाला अवास्तव वाटू नये. माझी एवढीच याचना होती. परंतु कन्येच्या आग्रहावरून सहा महिन्यांच्या मुक्कामाला मी डब्लिनला गेलो आणि खिडकीशी बसून पावसाच्या सरी मोजणारा सासरा पाहून कंटाळलेल्या जावयाने एका शनिवारी मला जुन्या आगगाड्या सांभाळणाऱ्या हौशी मंडळींच्या शेडमध्ये नेऊन सोडले. "बाबा, तुम्ही बार्शीचे. तुम्हांला छोट्या गाड्यांचे प्रेम असणारच," असे त्याचे तर्कशास्त्र होते.

हे अनुमान सपशेल चुकीचे होते. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी गाडीला आम्ही बार्शीकरांनी तिच्या हयातीत इतक्या शिव्या दिल्या, की त्या कोळशाऐवजी भट्टीत घातल्या असत्या तर इंजिन कुर्डुवाडी ओलांडून थेट मुंबईस पोचले असते. तिचे रूळ उखडून ब्रॉडगेज आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. आणि येथे पाहतो तो, सत्तरी ओलांडलेले प्रतिष्ठित गृहस्थ पदरची वर्गणी भरून, तेलकट डगले चढवून, मेलेल्या गाड्यांच्या पोटाखाली पालथे पडलेले! निवृत्तिवेतन खाणाऱ्या माणसाने मजुरीची कामे करावीत, त्याबद्दल दमडी घेऊ नये, उलट स्वतःच्या खिशातून भरावी, हा प्रकार आमच्या खात्याच्या कोणत्याही नियमात बसणारा नव्हता.

या वेडाची तेथे रीतसर परंपरा आहे, हे मला पुढे कळले. वाफेची इंजिने मोडीत निघू लागली तेव्हा ती वाचवण्यासाठी १९६४ साली आयर्लंडमध्ये रेल्वे जतन संस्था स्थापन झाली. अँट्रिम परगण्यातील व्हाइटहेड येथे तिचे ठाणे आहे आणि तेथे २०१७ साली संग्रहालयही उघडले. तिच्या संग्रहातले १८६ क्रमांकाचे इंजिन १८७९ साली मँचेस्टरात घडलेले. त्याच जातीची एकूण १११ इंजिने त्या बेटावर धावली. एवढी भावंडे निघून गेल्यावर मागे राहिलेल्याला घरच्या आजोबांसारखा मान मिळाला, तर त्यात नवल कसले?

मला मात्र त्या दिवशी ना इंजिन मिळाले ना मान. माझ्या वाट्याला एका जुन्या डब्याचा दरवाजा आला, आणि हातात खरवडणी. वरचा नारिंगी रंग निघाला तेव्हा खाली हिरवा लागला. हिरवा निघाला तेव्हा त्याखाली तपकिरीकडे झुकणारा लाल. मला एकाएकी सातबाऱ्यावरचे फेरफार आठवले: कंपनी बदलली, मालक बदलले, प्रत्येकाने आपल्या नावाची नोंद जुन्या नोंदीवर चढवली, आणि मूळ मिळकत बिचारी खाली निमूट पडून राहिली. मूळ खातेदारापर्यंत पोचल्याखेरीज उठायचे नाही ही आमच्या खात्याची शिस्त असल्यामुळे मी दुपारपर्यंत अव्याहत खरवडत राहिलो आणि अखेर कोरे लाकूड गाठून कृतार्थ मुद्रेने वळून पाहिले. मागे एक वृद्ध सद्गृहस्थ चहाचे दोन पेले घेऊन निश्चल उभे होते. दरवाजाच्या डाव्या अंगाची वीतभर पट्टी पूर्वीच्या रंगांचा पुरावा म्हणून मुद्दाम राखून ठेवायची होती, आणि मी तो सगळा पुरावा भुश्श्यासारखा जमिनीवर पाडला होता. आमच्याकडे एवढ्यावर खातेनिहाय चौकशी लागली असती. त्यांनी मात्र एक दीर्घ सुस्कारा सोडला, त्यातल्या त्यात गरम पेला माझ्या हाती दिला आणि ते म्हणाले, "लाकूड मात्र तुम्ही फार स्वच्छ केलेत हं!"

तेथले खरे शिक्षण या चहाच्या वेळी होई. आयर्लंडचे रूळ एकमेकांपासून पाच फूट तीन इंच का, हे मला प्रथम त्या पेल्याच्या वाफेतूनच समजले. १८३४ साली डब्लिन ते किंग्जटाउन ही पहिली गाडी धावली ती इंग्लंडच्या चार फूट साडेआठ इंचांवर. उत्तरेतील अल्स्टर रेल्वेने सहा फूट दोन इंच धरले, तर ड्रोहेडावाल्यांच्या मनात पाच फूट दोन इंच भरले. एका बेटावर तीन मोजमापे झाल्यावर प्रकरण मेजर-जनरल पॅस्ली नामक सरकारी अंमलदारापुढे गेले. त्याने जाणत्या इंजिनियरांची मते मागवली. ती पाच फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंत पसरलेली पाहून गृहस्थाने सरळ मध्य काढला, आणि १८४६ साली त्यावर कायद्याची मोहोर उमटली. कोणाचेच म्हणणे खरे न मानता सर्वांना सारखेच नाराज करणारा हा फैसला ऐकून माझ्यातला जुना मोजणीदार सद्गदित झाला.

याहून चमत्कारिक कथा केरी परगण्यातली. लिस्टोवेल ते बॅलीबनियन अशी लार्टिग पद्धतीची गाडी १८८८ पासून १९२४ पर्यंत चालली. तिचा भार वाहणारा रूळ एकच, कमरेइतक्या उंचीवर, आणि डबे त्यावर गाढवाच्या पाठीवरील गोणीसारखे दोन्ही बाजूंना लोंबकळत. जेथे रूळच एक, तेथे अंतराचा तंटा उद्भवण्याचे कारण नाही, असे मी समाधानाने म्हणालो. पण तेथे तंटा वजनाचा होता. सांगतात की, एका बाजूस पियानो चढवला तेव्हा तोल राखायला दुसरीकडे गाय चढवावी लागली, आणि ती गाय परत आणताना तिच्या तोलाला दोन वासरे! क्लेअर परगण्यातील तीन फुटी गाडीचा लौकिक निराळा. तिच्या दिरंगाईमुळे आपला कार्यक्रम बुडाला म्हणून पर्सी फ्रेंच या गाणाऱ्या-लिहिणाऱ्या विनोदी गृहस्थाने कंपनीवर फिर्याद ठोकून दहा पौंड वसूल केले, आणि एवढ्यावर न थांबता तिच्यावर असे गाणे रचले की १९६१ साली गाडी बंद पडली तरी गाणे अद्याप वेळेवर चालू आहे. हे ऐकताना माझ्या मनात आले, बार्शी लाइटवर आम्ही फक्त शिव्या रचल्या. त्यांना चाल लावण्याचे कोणाला सुचले नाही.

परंतु ज्या विषयाने माझ्या वार्धक्याचा घात केला, तो शेडच्या कोपऱ्यात एका मेजावर मांडलेला होता. तेथे एक छोटे स्थानक उभारण्याचे काम कित्येक वर्षे चालले होते, आणि ते न होण्याचे कारण दोन वृद्ध मित्र होते. त्यांची मी मनातल्या मनात एकवीसकर आणि साडेसोळे अशी नावे ठेवली होती. ही मंडळी फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात गाड्या बनवतात. त्या हिशेबाने पाच फूट तीन इंच म्हणजे बरोबर एकवीस मिलिमीटर. बाजारात तयार मिळणारे रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरांचे. फरक साडेचार मिलिमीटर, म्हणजे तुरीचा एक दाणा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आयर्लंडमध्ये मी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली.

साडेसोळ्यांचे म्हणणे व्यावहारिक होते: रूळ हाताने डाखवत बसलो आणि प्रत्येक चाकाचा आस बदलत बसलो, तर गाडी सुटण्यापूर्वी आपणच सुटू. एकवीसकर म्हणत, अरुंद रुळांवर उभी असलेली आमची गाडी पाहिली की पाटावर उकिडवा बसवलेला पहिलवान आठवतो. हेच एकवीसकर दिवसभर खऱ्या वाघिणीचा गंज तासून काढत आणि रात्री घरी जाऊन बारीक कुंचल्याने नव्याकोऱ्या छोट्या वाघिणीवर तसाच गंज रंगवत, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे.

एका शनिवारी मला राहवले नाही. उभय पक्षांना समोर बसवले, कैफियती ऐकल्या आणि पॅस्लीसाहेबाचे स्मरण करून मध्य काढला: पावणेएकोणीस मिलिमीटर. क्षणभर शेडमध्ये फक्त किटलीचा आवाज राहिला. मग एकवीसकर अत्यंत मृदू स्वरात म्हणाले, "आमच्या प्रमाणात इंग्रजी रुळांचे अंतर किती होते, ठाऊक आहे? १८.८३." साडेसोळ्यांनी जन्मात पहिल्यांदा त्यांना दुजोरा दिला: "म्हणजे या गृहस्थांनी आपल्याला इंग्रजांच्या रुळावर नेऊन बसवले!" तुमची १८३४ ची पहिली गाडी त्याच अंतरावर धावली होती, अशी मी क्षीण हरकत घेतली. "म्हणूनच तिचे रूळ १८५७ साली बदलले!" दोघे एका सुरात गरजले, आणि त्या दिवशी घरी जाताना एकाच छत्रीतून गेले.

पुढच्या शनिवारी मी भीतभीतच शेडमध्ये शिरलो, तो कोपऱ्यातून पूर्ववत आरडाओरडा ऐकू आला, आणि माझ्या जिवात जीव आला. वाफेचे इंजिन थंड झाले की पुन्हा तापवायला आदल्या दिवसापासून हळूहळू विस्तव घालावा लागतो, म्हणून जाणती माणसे तो सहसा विझू देत नाहीत. बत्तीस वर्षे मी ज्या तंट्यांचे फैसले केले ते मालकीचे होते. ज्याच्यावर कोणाचीच मालकी नाही अशा वस्तूवरून होणारा हा तंटा मिटवायचा नसतो, त्याच्याशेजारी बसून चहा प्यायचा असतो, हे समजायला मला आयर्लंड गाठावे लागले.

परत निघण्याच्या आदल्या रात्री मी जावयाच्या मेजावर कागद पसरून बसलो होतो. बार्शी लाइटचे अडीच फूट म्हणजे फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात बरोबर दहा मिलिमीटर. आणि बाजारात तयार मिळतात ते रूळ नऊ मिलिमीटरांचे! जावयाने माझा चेहरा पाहिला, कागद पाहिला, आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, "बाबा, एका मिलिमीटरचे काय एवढे? साडेनऊ धरा की!"

विमानतळापर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.